एकच गोळी द्यायची, तर कोणती?

पत्र थोडक्यात असं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका सुनेनं लिहिलं आहे. सासरे ५८ वर्षांचे, सहा एकर कोरडवाहू वावर, पऱ्हाटी आणि तूर. गेल्या नोव्हेंबरात कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांना हार्ट अटॅक आला. नागपूरला नेलं, सरकारी योजनेतून अँजिओप्लास्टी (हृदयाची बंद नस आतून फुगा फुगवून मोकळी करणं) झाली. एका नसेत स्टेंट (धातूची बारीक जाळी) बसवला, दुसऱ्या बारीक नसेत ‘नुसता फुगा मारला’ असं सांगण्यात आलं. तेव्हापासून पाच प्रकारच्या गोळ्या चालू आहेत, महिन्याला सोळाशे-सतराशे रुपये लागतात. घरात इंग्रजी अक्षर वाचता येणारी ही एकटीच, म्हणून गोळ्यांचं खातं तिच्याकडे. नवरा म्हणतो, रस्ता मोकळा झाला, आता गोळ्या कशाला? सासरे आपल्याच मनानं एक दिवसाआड गोळ्या घेऊ लागले आहेत. गावातल्या एका माणसाला नेमानं गोळ्या घेऊनही सहा महिन्यांत परत अँजिओप्लास्टी करावी लागली, त्यामुळे घराचा गोळ्यांवरचा विश्वास उडाला आहे. नणंदेच्या यजमानांनी मोबाईलवर लसूण, आलं, लिंबू आणि व्हिनेगरचा ‘ब्लॉक विरघळवणारा’ काढा पाठवला आहे. तिचा प्रश्न: ‘फुगवलेली नस पुन्हा आखडू नये याचं नेमकं औषध कोणतं? तेवढं एक चालू ठेवून बाकीच्या गोळ्या बंद केल्या तर चालेल का?’ आणि पत्राच्या शेवटी: ‘आताशा डवरा (कोळपं) धरला की त्यांची छाती भरून येते. धुऱ्यावर (बांधावर) बसले की पाच मिनिटांत बरं वाटतं. ते म्हणतात गॅस आहे. उद्या काही झालं तर बोल माझ्यावर येईल.’

ताई, मी उत्तर तुमच्या शेवटच्या ओळींपासून सुरू करतो, कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे.

डवरा धरला की छाती भरते आणि बसलं की उतरते, याला गॅस म्हणू नका. गॅसला डवरणी आणि धुरा यांतला फरक कळत नाही. कष्टाबरोबर येणारं आणि विसाव्याबरोबर जाणारं भरलेपण बहुतेक वेळा हृदयाच्या स्नायूचं असतं. काम वाढलं की त्याला जास्त रक्त हवं असतं आणि नसेतून तेवढं पोचत नाही. फुगवलेली नस पुन्हा अरुंद होत असेल, तर ही तक्रार साधारण तिसऱ्या महिन्यापासून वर्षाच्या आत डोकं वर काढते. तुमच्या सासऱ्यांना आठवा महिना चालू आहे. नस आखडलीच आहे असं मी इथे बसून म्हणत नाही. अंगात रक्त कमी असेल, बीपी चढलेलं असेल, नाडीचा वेग आवरणारी गोळी एक दिवसाआड पडत असेल, तरी असंच होतं. पण यातलं काय खरं, हे ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) काढून, माणूस तपासूनच ठरतं. म्हणून पहिलं काम हे: याच आठवड्यात त्यांना घेऊन निघा. नागपूरला जिथे अँजिओप्लास्टी झाली तिथे जमत असेल तर उत्तम. नाही तर यवतमाळचं सरकारी मेडिकल आहे, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. तोवर डवरा दुसऱ्याच्या हाती द्या. डवरणी चार दिवस मागे पडली तर तण वाढेल, एवढंच.

छाती भरली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट त्यांना लिहून दिलेली असेल, तर ती त्यांच्या बंडीच्या खिशात असू द्या, घरातल्या डब्यात ठेवून उपयोग नाही. घेताना खाली बसून घ्यायची, कारण बीपी उतरून चक्कर येते. पाच मिनिटांत आराम पडला नाही, किंवा बसल्या जागी, झोपेत दुखू लागलं, घाम फुटला, तर लगेच १०८ ला फोन करा आणि जिथे ईसीजी निघतो अशा जवळच्या दवाखान्यात पोचा. तेव्हा सोडा पाजून वाट बघू नका.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. तालुक्याच्या गावी मी तीस वर्षं दवाखाना चालवला. जवळजवळ प्रत्येक घरात मला एकच समजूत भेटली: नस म्हणजे नळी, ब्लॉक म्हणजे नळीत बसलेला गाळ, अँजिओप्लास्टी म्हणजे गाळ काढणं, आणि गोळी म्हणजे पुन्हा गाळ धरू नये म्हणून ठिबकच्या नळीत सोडतो तसलं ॲसिड. हे चित्र डोक्यात असलं की तुमचा प्रश्न अगदी रास्त ठरतो. एकच नळी, एकच गाळ, मग पाच औषधं कशाला?

पण नस जिवंत आहे. फुगा तिच्यातला गाळ बाहेर काढत नाही, तो गाळाला भिंतीत दाबतो. दाबताना भिंत ताणली जाते, आतून चिरते. ती चीर शरीराच्या लेखी जखमच असते, आणि जखम भरून काढायला शरीर धावतं. संत्र्याची कलमं बांधताना तुम्ही पाहिलं असेल. जंबेरीच्या खुंटाची साल चिरून डोळा बसवतात, आणि त्या चिरेच्या जागी झाड नवा भराव धरतं. कधी हा भराव बेताचा असतो, कधी गाठ उठते. नसेच्या आतही तसंच होतं. भिंतीतल्या स्नायूच्या पेशी भराभर वाढतात, आत सरकतात, आणि जो मार्ग मोकळा केला तो पुन्हा अरुंद करतात. चरबीचा थर साचायला बरीच वर्षं लागतात. हा भराव मात्र काही महिन्यांत होतो. शिवाय ताणलेली भिंत रबरासारखी मागेही येते. म्हणजे ‘नस आखडली’ या दोन शब्दांत जखमेचा भराव आणि भिंतीचं मागे येणं, अशा दोन गोष्टी आहेत.

हृदयाच्या नसेत पहिला फुगा फुगवला तो आंद्रेआस ग्रुएन्टझिग या डॉक्टरांनी, झुरिकमध्ये, १६ सप्टेंबर १९७७ रोजी. छाती न उघडता ब्लॉक मोकळा झाला, हे तेव्हा अद्भुतच होतं. पण पुढच्या काही वर्षांत कळलं की नुसता फुगा मारलेल्या साधारण तिघांपैकी एकाची नस सहा महिन्यांत पुन्हा अरुंद होते. मग तुम्ही विचारलेला प्रश्नच जगभरच्या डॉक्टरांनी विचारला: तोंडावाटे देऊन हे थांबवेल असं औषध कोणतं? ॲस्पिरिन दिलं, हेपॅरिन दिलं, माशाचं तेल दिलं, स्टेरॉइड दिली, बीपीच्या गोळ्या दिल्या. बहुतेक सगळं फसलं. कारण उघड आहे. गोळी पोटातून सगळ्या अंगात पसरते, जखमेच्या त्या दोन-तीन सेंटिमीटर जागेत तिचा अंश पोचतो. आणि मागे येणाऱ्या भिंतीला तर कोणतीच गोळी धरून ठेवू शकत नाही.

भिंत धरून ठेवायचं काम जाळीनं केलं. १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ शहरात हृदयाच्या नसेत पहिला स्टेंट बसला. भिंत मागे यायची थांबली, पण जखमेचा भराव जाळीच्या भोकांतून आत येतच राहिला. त्यावर जे औषध शेवटी लागू पडलं, त्याची गोष्ट मला फार आवडते. ते मिळालं मातीत, प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटाच्या मातीत. कॅनडाच्या एका पथकानं १९६४ मध्ये ती माती नमुना म्हणून आणली होती. तिच्यातल्या जिवाणूपासून एका औषध कंपनीच्या मॉन्ट्रियलमधल्या प्रयोगशाळेत सुरेन सेहगल यांनी ते औषध वेगळं केलं. सेहगल फाळणीपूर्व पंजाबात जन्मलेले, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. पुढे कंपनीनं तिथली प्रयोगशाळा बंद केली, तेव्हा त्यांनी ते जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवले. रापामायसिन, म्हणजेच सिरोलिमस. आधी ते किडनी बदललेल्या रुग्णांना देऊ लागले. मग लक्षात आलं की पेशींची वाढ थांबवण्याचा त्याचा गुण नसेतल्या भरावालाही लागू पडेल. १९९९ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पाउलोत एदुआर्दो सोउझा यांनी या औषधाचा लेप दिलेला स्टेंट पहिल्यांदा माणसाला बसवला. आजच्या औषधी स्टेंटमध्ये पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण बहुतेक अभ्यासांत शंभरात दहापेक्षा कमी आहे.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे आहे. नस पुन्हा आखडू नये याचं औषध तुमच्या सासऱ्यांना बहुधा मिळालेलं आहे. ते गोळीत नाही, जाळीवर आहे. बसवल्यापासून दोन-तीन महिन्यांत ते हळूहळू भिंतीत उतरलं आणि त्याचं काम झालं. ते आता दुकानातून आणायचं नाही.

मग गोळ्या कशासाठी? इथे नीट लक्ष द्या, कारण तुमच्या यजमानांना हेच समजावून सांगायचं आहे. जे औषध जखमेचा जास्तीचा भराव रोखतं, ते जखमेवर नवी कातडी येणंही लांबवतं. लोखंडी तार उघडी राहावी तशी स्टेंटची धातू काही महिने रक्ताला उघडी राहते. उघड्या धातूवर रक्ताच्या गुठळीला जमायला आवडतं. भराव हळूहळू नस अरुंद करतो, माणसाला धाप लागते, छाती भरते, दवाखान्यात जायला वेळ मिळतो. गुठळी मात्र मिनिटांत नस बंद करते, आणि ते अटॅकच्या रूपात येतं, जीवघेण्या अटॅकच्या रूपात. ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची दुसरी गोळी (क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल, स्ट्रिपवर वाचा) या दोघी गुठळी जमू न देणाऱ्या राखणदार आहेत. लोक त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या म्हणतात. रक्त पातळ होत नाही, रक्तातल्या गुठळी जमवणाऱ्या कणांचा चिकटपणा कमी होतो.

चांगला स्टेंट लावला म्हणून गोळ्या बंद करता येतील, हे तुमच्या यजमानांचं गणित याच जागी उलटं होतं. चांगला स्टेंट लावला म्हणूनच या दोन गोळ्या काही काळ न चुकता लागतात.

एक माणूस मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. आमच्याच भागातला, स्टेंट बसवून तिसरा महिना. दाढ काढायची होती, कुणीतरी सांगितलं रक्त थांबणार नाही, गोळ्या आठ दिवस बंद ठेव. सहाव्या दिवशी पहाटे तो माझ्याकडे आला, आणि मी त्याला नागपूरपर्यंत पोचवू शकलो नाही. दाढ काढायला या गोळ्या साधारणतः बंद कराव्या लागत नाहीत. दातांचे डॉक्टर दाबून, टाका घालून रक्त थांबवतात. कोणत्याही बारीकसारीक कामासाठी कुणी ‘हार्टच्या गोळ्या बंद करा’ म्हटलं, तर हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.

बाकीच्या तीन गोळ्यांत बहुधा एक स्टॅटिन असेल (ॲटोरवास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन), एक नाडी आवरणारी (मेटोप्रोलॉलसारखी), आणि एक हृदयाचा भार हलका करणारी (रामिप्रिलसारखी). यांतली स्टॅटिन मला सगळ्यात जवळची वाटते आणि लोक तिलाच आधी टाकतात, कारण ती घेतल्यानं काही जाणवत नाही. दवाखान्यात दोन जागा मोकळ्या केल्या, पण त्यांच्या हृदयाच्या नसा काही त्या दोन जागांपुरत्या नाहीत. चरबीचा थर सगळीकडे थोडाथोडा आहे. पुढचा अटॅक बहुतेक वेळा न फुगवलेल्या, आज ‘तीस-चाळीस टक्के’ म्हणून सोडून दिलेल्या जागेतून येतो. स्टॅटिन त्या थरांना बसवून ठेवते, फुटू देत नाही. रक्ताच्या तपासणीत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) नावाचा आकडा असतो. अटॅक येऊन गेलेल्या माणसात तो ५५ च्या खाली ठेवावा, असं आता सांगतात. त्यांचा किती आहे, हे विचारा. मेटोप्रोलॉलसारखी गोळी तर अचानक तोडायचीच नसते, नाडी उसळते आणि छातीत दुखू लागतं.

तर एकच गोळी ठेवायची झाली तर कोणती, याला माझ्याकडे उत्तर नाही, ताई. गुठळी वेगळी, भराव वेगळा, चरबी वेगळी, थकलेला स्नायू वेगळा. बैल, डवरा, बी आणि पाऊस यांतलं एकच ठेवा म्हटलं तर तुम्ही काय निवडाल?

आता त्या बारीक नसेबद्दल. ‘नुसता फुगा’ दोन तऱ्हेचा असतो. एक साधा. दुसरा औषध माखलेला, ज्यावरचं औषध (बहुधा पॅक्लिटॅक्सेल) फुगा अर्धा-एक मिनिट फुगवून ठेवला की भिंतीत उतरतं आणि मागे जाळी उरत नाही. बारीक नसेत आणि स्टेंटच्या आत पुन्हा भरलेल्या जागेत तो वापरतात. सुट्टीच्या कार्डावर इंग्रजीत डी.सी.बी. अशी अक्षरं असतील तर औषधी फुगा, पी.ओ.बी.ए. असतील तर साधा. स्टेंटपुढे डी.ई.एस. असेल तर औषधी स्टेंट. साधा फुगा असेल तर तीच जागा आखडली असण्याची शंका मला जास्त येईल, आणि हे डॉक्टरांनाही कळायला हवं. कार्ड सोबत न्याच. काही जण म्हणतील, सहा महिने झाले, परत अँजिओग्राफी करून बघा. ज्याला काहीच त्रास नाही त्याला ती नेहमीची म्हणून करायची नसते. तुमच्या सासऱ्यांना त्रास आहे, म्हणून त्यांचा निर्णय वेगळा होऊ शकतो, तो डॉक्टर तपासून घेतील. नस खरंच आखडलेली निघाली, तरी जग बुडालेलं नाही. औषधी फुग्यानं किंवा दुसऱ्या स्टेंटनं ती पुन्हा मोकळी करता येते.

गावातल्या त्या माणसाचं उदाहरण तुमच्या घरात फार खोल बसलेलं दिसतं. त्याला शुगर आहे का, विचारा. मधुमेह असला, नस बारीक असली, ब्लॉक लांबलचक असला, तर औषधी स्टेंट असूनही भराव जास्त होतो. तंबाखू सुटला नसेल तर दुसरीकडे नवा ब्लॉक धरतो. किंवा त्याची दुसरी नस अरुंद असेल, पहिली मोकळीच असेल. त्याच्या गोळ्यांनी त्याला गुठळीपासून वाचवलं असेल, आणि जे काम त्यांचं नव्हतंच त्यासाठी त्या बदनाम झाल्या. गोळ्या घेऊनही झालं, म्हणून गोळ्या फोल, असा अर्थ यातून निघत नाही.

काढ्याबद्दल मी रागावून लिहिणार नाही, कारण तो पाठवणाऱ्यानं काळजीपोटीच पाठवला. पण अशा आशांचं काय होतं, ते सांगतो. फॉलिक ॲसिड तर साधं जीवनसत्त्व, गरोदर बाईलाही देतो. २००१ मध्ये एका अभ्यासात दिसलं की बी-गटाच्या इतर जीवनसत्त्वांसोबत ते दिलं तर अँजिओप्लास्टीनंतर नस आखडण्याचं प्रमाण कमी होतं. सगळ्यांना आनंद झाला. २००४ मध्ये स्टेंट बसवलेल्या रुग्णांत तेच तपासलं, तर आखडण्याचं प्रमाण उलट वाढलेलं निघालं. निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टीचंही हे असं. भाजीत, ठेच्यात लसूण जरूर खा. पण दाट काढा करून रोज पेलाभर घेतला आणि आधीच दोन गोळ्या चालू असल्या, तर रक्तस्राव वाढू शकतो. आणि काढा चालू केला की माणूस गोळ्या सोडतो. मला खरी भीती याची आहे.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही, म्हणून मीच विचारतो. खर्रा चालू आहे का? आपल्याकडे विचारलं तर सांगतात, ‘बिडी सोडली, नुसता खर्रा खातो.’ धूर नाही म्हणून हृदय वाचतं, असं नाही. तंबाखू गालात ठेवला तरी निकोटीन रक्तात उतरतं, बीपी आणि नाडी वाढवतं. चघळायच्या तंबाखूनंही अटॅकचा धोका वाढतो. पाच गोळ्यांतली एकही खर्ऱ्याची भरपाई करू शकत नाही. दिवसाला दोन-तीन पुड्या लागत असतील तर महिन्याचा हिशेब मांडून पाहा. गोळ्यांच्या बिलातला मोठा वाटा तिथेच निघेल.

पैशाचा प्रश्न मी बाजूला सारत नाही, खरा प्रश्न तोच आहे. एक दिवसाआड गोळी घेणारा माणूस हट्टी नसतो, ताई. तो हिशेब करत असतो. खताचं पोतं आणायचं आहे, आणि आपल्यापायी सोळाशे रुपये जातात, हे त्याला रोज सकाळी पाण्याच्या घोटाबरोबर गिळावं लागतं. त्यांना रागावू नका. कागदावर पाचही गोळ्यांची औषधाची नावं लिहून घ्या, कंपनीची नाहीत. ती घेऊन तालुक्याच्या जनऔषधी केंद्रात जा. तीच औषधं तिथे बहुधा निम्म्याहून कमी पैशांत मिळतील. ॲस्पिरिन, ॲटोरवास्टॅटिन, बीपीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात का, तेही विचारा. जोडीची गोळी महागातली असेल, तर डॉक्टरांना सरळ सांगा, ‘परवडत नाही, स्वस्तातली चालेल का?’ पहिले महिने सरल्यावर बदलून देता येते बऱ्याचदा, पण आपल्या मनानं बदलू नका. दोन वेगवेगळ्या नावांच्या स्ट्रिपमध्ये एकच औषध तर नाही ना, तेही बघून घ्या. तीन औषधं एकत्र असलेली कॅप्सूल आणि वर वेगळी ॲस्पिरिन, असं दुहेरी घेणारे मी पाहिले आहेत.

आणि हे सासऱ्यांना सांगा, त्यांना हायसं वाटेल: जोडीची दुसरी गोळी जन्माची नाही. अटॅकनंतर ती साधारण वर्षभर असते. म्हणजे त्यांचे चार महिने उरले. पुढे बहुधा ॲस्पिरिन आणि बाकीच्या राहतील, त्या स्वस्त आहेत. मात्र परत फुगा किंवा स्टेंटची वेळ आली तर ही मुदत नव्यानं मोजावी लागेल. आजपर्यंत चुकलेल्यांची भरपाई म्हणून एकदम दोन-दोन द्यायच्या नाहीत. आजपासून रोजची रोज, आणि डॉक्टरांना खरं सांगायचं की मधे एक दिवसाआड चालू होतं. परत काही करायची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) आधी भेटा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. औषधी स्टेंटचं म्हणाल, तर एके काळी तो लाखाच्या घरात जायचा. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारनं त्याची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. पैशाअभावी तो बसणार नाही, ही भीती मनातून काढा.

गावातल्या दुकानातून येणाऱ्या दोन गोळ्यांवर लक्ष ठेवा. डवरणीनं, फवारणीचा पंप पाठीवर वाहून अंग दुखतं, मग डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतली जाते. ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीदारणीसोबत ती घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आयबुप्रोफेन ॲस्पिरिनचं काम अडवतेही. दुखलं तर पॅरासिटॅमॉल द्या. दुसरी, ॲसिडिटीची ओमेप्राझोल. जोडीची गोळी क्लोपिडोग्रेल असेल तर ओमेप्राझोल तिचा असर कमी करते. पँटोप्राझोल चालते. शौच डांबरासारखं काळं झालं, हिरड्यांतून, नाकातून रक्त थांबेना, तर त्याच दिवशी दाखवायचं, आणि तरीही गोळ्या आपणहून तोडायच्या नाहीत.

‘बोल माझ्यावर येईल’ हे तुम्ही लिहिलं, ते वाचून मला वाईट वाटलं. तुम्ही स्ट्रिपवरची अक्षरं वाचता, एवढ्यावरून एका माणसाच्या हृदयाची जबाबदारी तुमच्या एकटीच्या पदरात टाकली गेली आहे. ती वाटून घ्या. सासऱ्यांना वाचता येत नसेल, पण सूर्य आणि चंद्र ओळखता येतात. दोन छोटे डबे घ्या, एकावर सूर्य, एकावर चंद्र काढा, आठवड्याच्या गोळ्या एकदाच सुट्या करून भरा. त्यांच्या गोळ्या त्यांच्या हातानं, त्यांच्या चहाच्या वेळेला. डबा रिकामा झाला की नाही हे सासूबाई बघतील. गोळ्या आणायचं काम यजमानांचं. आणि या खेपेला दवाखान्यात तेच बरोबर आले पाहिजेत. ‘रस्ता मोकळा झाला’ हे त्यांचं म्हणणं तुम्ही दहादा खोडलंत तरी घरात भांडण होईल. डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकलं की होणार नाही.

जाताना एका थैलीत सुट्टीचं कार्ड, अँजिओग्राफीची सीडी, सगळ्या स्ट्रिपा, दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्यासुद्धा, आणि काढा सुरू केला असेल तर त्याचीही बाटली घ्या. तिथे खुर्चीवर बसल्यावर सासरे म्हणतील, ‘आता बरं आहे, काही नाही.’ आपल्याकडची माणसं डॉक्टरपुढे दुखणं निम्मं करून सांगतात. तेव्हा डवऱ्याची आणि धुऱ्यावरच्या त्या पाच मिनिटांची गोष्ट तुम्ही सांगा.